विद्यापीठ कर्मचाऱ्यांनाही हवी हक्काची सोबत

महोदय,

विद्यापीठ आणि महाविद्यालयांतील शिक्षकांना ज्येष्ठ व निवृत्त प्राध्यापकांचे मार्गदर्शन मिळावे, यासाठी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खास मोहीम सुचवली आहे. एका मार्गदर्शक शिक्षकामागे विद्यार्थी किती, हे नॅकच्या, म्हणजे उच्चशिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मूल्यमापनात विचारले जात आले आहे. शिक्षकेतर कर्मचाऱ्याला अडले तर त्याने कुणाकडे जायचे, हे मात्र कुणी विचारत नाही. एकवीस वर्षे परीक्षा विभागात काढल्यावर हे लिहावेसे वाटले.

नवा माणूस रुजू झाला की त्याला टेबल, संगणकाचा पासवर्ड आणि फायलींचा गठ्ठा मिळतो. आधीचा निवृत्त तरी झालेला असतो, नाहीतर त्याची बदली झालेली असते. आमच्याकडे अनुकंपा तत्त्वावर लागलेली एक मुलगी पुनर्मूल्यांकनाच्या टेबलावर आली. एका विद्यार्थ्याचे गुण वाढले होते. सुधारित गुणपत्रिकेसाठी टिप्पणी कशी लिहायची, हे तिला ठाऊक नव्हते. साहेबांना विचारायची भीती, शेजारच्याला विचारायचा संकोच. फाइल अकरा दिवस ड्रॉवरमध्ये राहिली. मुलाचे वडील गावाहून तिसऱ्यांदा खिडकीपाशी आले, तेव्हा ती आत जाऊन रडली. मी चार टेबले सोडून बसत होतो. ती टिप्पणी दहा मिनिटांची होती.

त्यानंतर परीक्षा, पात्रता, वित्त, आस्थापना आणि ग्रंथालय असे आम्ही सहा जण एक आड एक गुरुवारी डबे घेऊन एकत्र बसू लागलो. एकाने आपली अडलेली फाइल मांडायची, बाकीच्यांनी आधी प्रश्न विचारायचे, सल्ला नंतर. इथले बोलणे बाहेर जाणार नाही, एवढी एकच अट. एकदा वित्तच्या सहकाऱ्याने विचारले, "ही चौथी सही लागतेच, की आपण सवयीने घेतो?" जुनी परिपत्रके काढून पाहिली, तर ती सही कुठेच सांगितलेली नव्हती.

अशा गटात वय आणि पद बाजूला राहते, याचे मला फार मोल वाटते. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवी श्रेयांक (क्रेडिट) रचना आली. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम विषय, विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणारी श्रेयांकांची पेढी, हे सारे आम्हा जुन्यांना नवीन होते. ते आम्हाला समजावून दिले त्याच मुलीने, डब्याच्या झाकणावर कागद ठेवून.

मग वरून विचारणा झाली: हजेरीपट ठेवा, इतिवृत्त पाठवा. हेतू चांगला असेलही, पण पुढच्या गुरुवारी दोघे आले नाहीत. साहेबांच्या टेबलावर जाणार म्हटल्यावर आपली चूक कोण मोकळेपणाने सांगेल?

राज्यातील विद्यापीठांच्या कुलसचिवांना माझी कळकळीची विनंती आहे. पंधरा दिवसांतून एक तास कार्यालयीन वेळेत द्यावा. जेवणाची सुट्टी मोडून हे फार दिवस चालत नाही. गट पाच-सहा जणांचा आणि वेगवेगळ्या विभागांचा असावा. कुणाचाही गोपनीय अहवाल लिहिणारा अधिकारी त्यात नसावा, आणि गटाकडून बैठकीचा अहवाल मागू नये. कंत्राटी कर्मचाऱ्यांना आवर्जून घ्यावे. आज अनेक खिडक्यांवर तेच बसतात, आणि प्रशिक्षणाच्या यादीत नेमकी त्यांचीच नावे नसतात.

– एक शिक्षकेतर कर्मचारी