ओढ्याकाठचा चापडा

आंबोली

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारले की रात्री ओढ्यावर विषारी साप असतात का, आणि आवाज तुटत असल्यामुळे मी नुसतेच "असतात" म्हणाले. त्या एका शब्दाने तुम्हा दोघांची झोप उडाली असेल, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ज्याच्यासाठी मी रात्री ओढ्यावर जाते तो मलबारी चापडा नावाचा विषारी साप. पश्चिम घाटाबाहेर तो जगात कुठेच सापडत नाही. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या वेलींवर, खडकांवर आणि खाली झुकलेल्या फांद्यांवर तो वेटोळे घालून बसतो, आणि बसतो म्हणजे खरोखरच बसतो; वळणावरच्या फांदीवरचा एक चापडा मी सलग सहा रात्री त्याच जागी पाहिला. भक्ष्याच्या मागे धावण्याऐवजी बेडूक किंवा पाल टप्प्यात येईपर्यंत तो वाट पाहत राहतो. त्याचा डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो, आणि त्यातल्या पातळ पडद्याला उष्णतेतला बारीकसा फरकही जाणवत असल्यामुळे मिट्ट काळोखातही उबदार रक्ताची चिचुंद्री त्याच्यापासून लपू शकत नाही. बाबा, एक हिरवा, दुसरा तपकिरी, तिसरा पिवळसर, तरी जात एकच, हे तुम्हाला प्रत्यक्ष दाखवावेसे फार वाटते. मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते.

आता धोक्याविषयी, कारण तुमच्यापासून काही लपवायचे नाही. चापडा चावल्यास माणूस दगावणे फार विरळ, परंतु वेदना आणि सूज मोठी असते. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषापासून तयार होते, त्यामुळे चापड्याच्या दंशावर त्याचा पुरता भरवसा धरता येत नाही. म्हणूनच मी कधी एकटी जात नाही, पायात गमबूट असतात, आणि बॅटरीच्या उजेडात नीट पाहिल्याशिवाय कुठल्याही फांदीला किंवा खडकाला हात लावत नाही. अंतर राखले तर तो स्वतःहून अंगावर येत नाही, हे मी इतक्या रात्रींत पाहिले आहे.

सातव्या रात्री ती फांदी रिकामी दिसली तेव्हा माझ्या मनात चर्र झाले. बराच वेळ शोधल्यावर ओढ्यापलीकडच्या शेवाळलेल्या खडकावर तो सापडला, पोट चांगले फुगलेले होते. आई, त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

तुमची लेक