मित्रास पत्र : मागे जागा असलेली गाडी

लेस्टर, इंग्लंड,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे सर्व क्षेम आहे. माझी साखर आटोक्यात आहे, मेधाची पाठ अधूनमधून दुखते आणि मुलांच्या सर्दीखोकल्याला आता कोणी आजार म्हणत नाही. प्रकृतीचा विषय एवढ्यावर संपवतो, कारण आज मला तुझ्याशी गाडीविषयी बोलायचे आहे, आणि ते तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाशी बोलता येईल असे वाटत नाही.

मार्चमध्ये आई सहा महिन्यांसाठी येत आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती घरात काठी घेऊन चालते, पण बाजारात, मंदिरात किंवा बागेत न्यायचे तर घडीची चाकाची खुर्ची सोबत हवीच. तिच्याबरोबर दोन मुले, त्यांतल्या धाकट्याची गाडीत बसायची उंचवणारी खुर्ची (इथल्या कायद्याने बारा वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत ती लागते), थोरलीची वाजवायची पेटी आणि आठवड्याचा किराणा. आमच्या सध्याच्या लहान गाडीत यांतल्या कोणाला तरी दर वेळी घरी ठेवावे लागेल. म्हणून जुनी, पण नीट राखलेली इस्टेट गाडी (मागे छप्पर लांबवून सामानाला जागा केलेली) घ्यायची असे मी ठरवले आहे. ठरवले आहे असे लिहितो खरे, पण कार्यालयातले सहकारी, मेव्हणा आणि फोनवरून नंदू हे सगळे एकाच सुरात सांगतात, की म्हातारे माणूस आहे तर उंच गाडी घे, एसयूव्ही घे, इस्टेट घेऊन आईला खाली वाकायला लावू नकोस.

हा मुद्दा मला सोडून देता येत नाही आणि पटतही नाही. म्हणून आमच्या शेजारच्या गुजराती बांना मी विनंती केली. त्यांची उंची आईएवढीच आहे, त्या साडीच नेसतात आणि त्यांचाही एक गुडघा बदललेला आहे. काल त्यांना घेऊन आम्ही तीन गाड्या पाहिल्या. पहिल्या निसान कश्कायमध्ये बसताना त्यांना आधी एक पाय वर उचलावा लागला, मग हँडलला लोंबकळत शरीर वर घ्यावे लागले, आणि उतरताना जमिनीला पाय टेकेपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही. दुसऱ्या टोयोटा कोरोलामध्ये त्या सहज बसल्या, पण उठताना दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून जोर लावावा लागला. तिसऱ्या स्कोडा ऑक्टेव्हियात पुढचे आसन बाजूच्या दांडीने पूर्ण वर घेतले, मागे सरकवले आणि त्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी पसरली. बा आधी पाठमोऱ्या होऊन आसनावर टेकल्या आणि मग पिशवीवरून घसरत दोन्ही पाय एकदमच आत घेऊन वळल्या. उठतानाही तसेच. बसण्याची जागा साधारण कंबरेच्या पातळीवर असली, की वर चढावेही लागत नाही आणि खाली वाकावेही लागत नाही. बुटक्या माणसाची कंबर मुळातच खाली असते, हे उंच गाडीची शिफारस करणाऱ्या सहा फुटी माणसांच्या लक्षात येत नाही.

मागच्या बाजूचा हिशेब तर अगदीच सरळ आहे. आम्ही पाहिली त्या पिढीच्या कश्कायची डिकी ४३० लिटरची. ऑक्टेव्हिया इस्टेटची ६१० लिटर, आणि मागची आसने पाडली तर १७४० लिटर. कोरोलाच्या इस्टेटमध्ये, म्हणजे टूरिंग स्पोर्ट्सच्या १.८ हायब्रिडमध्ये ५९६ लिटर मिळते. उंच गाडीत पैसे मोजून मिळते ती बरीचशी डोक्यावरची हवा. इस्टेटमध्ये मिळते ती सामान ठेवता येईल अशी लांबी. शिवाय चाकाची खुर्ची दिवसा मेधालाच उचलावी लागणार आहे. इस्टेटचा मागचा उंबरा कश्कायपेक्षा बराच खाली आहे, आणि पाठीच्या दुखण्यात त्या फरकाची किंमत काय असते हे तुला वहिनी सांगतील.

पण सुधीर, लिटर आणि सेंटिमीटर हे सगळे मी इतरांना पटवण्यासाठी मांडतो. काल त्या ऑक्टेव्हियाचे मागचे दार वर उचलले, डिकीच्या भिंतीतला खटका ओढला आणि मागच्या आसनाची पाठ धपकन पुढे पडली, तेव्हा मला भाऊकाकांची टाटा इस्टेट दिसली. त्या रात्री वाईत रुग्णवाहिका मिळेना, म्हणून तू अशीच मागची पाठ पाडलीस, काकूंनी आतल्या खोलीतली गादी आणून टाकली आणि आपण भाऊकाकांना आडवे घेऊन निघालो. खंबाटकीच्या प्रत्येक वळणावर मी त्यांचे डोके मांडीवर धरून बसलो होतो, आणि तू एकदाही मागे न पाहता फक्त विचारत होतास, ‘श्वास चालू आहे ना?’ दुसऱ्या कोणत्याही गाडीत त्यांना तसे सरळ निजवता आले नसते. भाऊकाका त्यानंतर अकरा वर्षे जगले. मला मागे जागा असलेली गाडीच का हवी, हे या देशात मी कोणाला समजावून सांगू?

तीच गाडी तू पुढे भंगारवाल्याला दिलीस, तेव्हा मी तुझ्याशी कित्येक महिने बोललो नव्हतो. माझे मत आजही बदललेले नाही. इंजिन गेले होते, सुटे भाग मिळत नव्हते, हे सगळे मान्य; तरीही मला एक फोन करायला हवा होतास. १९९२ साली पुण्यातून निघालेल्या त्या गाडीच्या काचा बटणाने वर जात, म्हणून गल्लीतली मुले रांग लावायची आणि तू प्रत्येकाकडून एक गोटी वसूल करायचास. त्या गोट्यांत माझाही वाटा होता आणि तो मला अजून मिळालेला नाही.

आता खरी अडचण. कश्काय माझ्या मनातून उतरली आहे. उरल्या दोन. एक २०१७ ची ऑक्टेव्हिया इस्टेट, दोन लिटर डिझेल, डीएसजी (आपोआप गिअर बदलणारी) गिअरबॉक्स, बासष्ट हजार मैल, साडेनऊ हजार पौंड. दुसरी २०१९ ची कोरोला टूरिंग स्पोर्ट्स हायब्रिड, अठ्ठेचाळीस हजार मैल, साडेतेरा हजार पौंड. तू म्हणशील, डिझेलच घे. हॉस्टेलवर असल्यापासून आपण याच विषयावर भांडत आलो आहोत आणि तू एकदाही हार मानलेली नाहीस. पण माझे रोजचे चालवणे बघ: शाळा, कार्यालय, दुकान, सगळे चार मैलांच्या आत. डिझेलच्या धुराड्यातली गाळणी साफ व्हायला आतली काजळी साडेपाचशे-सहाशे अंश तापमानाला जळावी लागते, आणि त्यासाठी गाडी मोठ्या रस्त्यावर काही वेळ सलग पळावी लागते. चार मैलांत इंजिन नीट गरमही होत नाही. महिन्यातून एकदा आम्ही लंडनमधल्या हॅरोला ताईकडे जातो, तेवढीच काय ती मोठी धाव. तेवढ्याने भागेल का? लंडनच्या प्रदूषण क्षेत्राची मात्र चिंता नाही. ऑगस्ट २०२३ पासून ते सगळ्या शहराला लागू आहे आणि जुन्या डिझेल गाडीला रोजचे साडेबारा पौंड पडतात, पण ही ऑक्टेव्हिया युरो ६ या धुराच्या मानकातली असल्याने तिला ते लागत नाहीत.

हायब्रिड कोरोलात क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही, वेगळा स्टार्टर नाही. बिघडायला जागाच कमी. अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग करत राहिले, तर दहा वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वॉरंटी वाढत जाते. डोक्याने विचार केला तर उत्तर समोर आहे. पण बा उठताना त्यांना पडलेले ते कष्ट मी विसरू शकत नाही, आणि मागच्या बाकावर माझे गुडघे पुढच्या आसनाला टेकत होते. चार हजार पौंडांचा फरक आहे तो वेगळाच.

कागदपत्रे मी बारकाईने पाहिली आहेत. इथे गाडी तीन वर्षांची झाली, की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी, करून घ्यावी लागते आणि नंबर टाकला, की कोणत्याही गाडीचा सगळा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो: किती मैल झाले होते, कशात नापास झाली, तपासणाऱ्याने काय सुचवले. जुनी गाडी घेणाऱ्याच्या हातात याहून चांगले साधन मी पाहिलेले नाही, आणि आपल्याकडे असे काही असते तर पुरात बुडालेली ती गाडी नंदूच्या गळ्यात पडली नसती. ऑक्टेव्हियाचे मैल दरवर्षी एकसारखे वाढले आहेत, फक्त २०२० मध्ये कमी, आणि ते साहजिक आहे. एका वर्षी मागची स्प्रिंग तुटली म्हणून नापास, त्याच आठवड्यात बदलून पास. गेल्या दोन्ही वर्षी ब्रेकच्या पाइपवर गंज चढल्याचा शेरा आहे; हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याचा हा प्रसाद. ज्या मालकाने स्प्रिंग लगेच बदलली, त्याने गंजाकडे दोन वर्षे का पाहिले नाही, हे मला उमगत नाही. अपघातात बाद ठरवलेली नाही आणि तिच्यावर कर्जही नाही, याची खात्री करून घेतली आहे. विक्रेता दुकानदार असल्यामुळे दोष निघाल्यास तीस दिवसांत परत करण्याचा कायदेशीर हक्कही आहे. कोरोलाचा इतिहास इतका स्वच्छ आहे, की त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

तू शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्यात इतकी वर्षे ऑक्टेव्हिया जुळवताना पाहिल्या आहेस, म्हणून विचारतो. आमच्या ऑक्टेव्हियाची ही सहा गिअरची, तेलात बुडालेल्या क्लचची डीएसजी आहे. तिकडे ज्या सात गिअरच्या कोरड्या क्लचने लोकांना छळले, ती नव्हे. हिचे तेल चाळीस हजार मैलांना बदलायला हवे ना? सर्व्हिसच्या पावत्यांत टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप आहे, पण गिअरबॉक्सच्या तेलाची पावती सापडली नाही. हातात स्टिअरिंग असताना तरी गिअर लोण्यासारखे बदलत होते, चढावर थांबून निघतानाही धक्का बसला नाही. एवढ्यावर विश्वास ठेवावा का?

आणखी एक. डिकीची फरशी आणि पाडलेली पाठ यांच्यामध्ये एक पायरी राहते. उंचीला बदलणारी फरशी या गाडीत बसवलेली नाही. चाकाच्या खुर्चीला त्याने काही अडत नाही. पण माणूस निजवायचा झाला तर पाठीखाली ती टोचेल. तशी वेळ कधीही येऊ नये, आणि इथे रुग्णवाहिका येतेही. तरी मी ती पायरी हाताने चाचपून पाहिली, आणि जाड गादीने ती भरून निघेल असे वाटते.

तुझ्याबद्दल घाईतच विचारतो, रागावू नकोस. चिन्मयची बारावी कशी चालली आहे? वहिनींची बदली रद्द झाली का? आणि काकूंना माझा नमस्कार सांग. त्यांनी दिलेली ती गोधडी मुलांच्या खोलीत आहे.

ऑक्टेव्हिया मी शंभर पौंड देऊन शनिवारपर्यंत राखून ठेवली आहे. शुक्रवारी रात्री तुझ्या सोयीने फोन कर. डिझेलची बाजू घ्यायची असेल तर जरूर घे, पण रोजच्या चार मैलांचे उत्तर तयार ठेवून घे.

तुझा,
अनिरुद्ध

ता. क. दुकानदार म्हणतो, ब्रेकचे पाइप बदलून देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. त्याऐवजी गिअरबॉक्सचे तेल बदलून मागू, की दोन्ही मागू? मेधा म्हणते, दोन्ही माग.