संकरित म्हणजे वांझ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या शेती पानावरचा ‘वांझ सरकी’ हा लेख वाचल्यापासून डोके तापले आहे. ‘संकरित कपाशीची सरकी उगवतच नाही’ हे कुठून आणलेत? वरलक्ष्मी हे संकरित कपाशीचे वाण तर दोन वेगळ्या प्रजातींच्या संकरातून १९७२ साली आले. माझ्या वडिलांनी त्याची सरकी पुढच्या वर्षी हौसेने टोबली आणि ती चांगली उगवली. झाडे मात्र एकसारखी आली नाहीत, कुठे उंच, कुठे खुजी, धागाही कमीजास्त. याला वांझ म्हणत नाहीत. त्याच्या दोन्ही आईबापांची गुणसूत्रे ५२, जोड्या जुळतात, म्हणून बोंडे धरतात.

खरे वांझ झाड मी पाहिले आहे. १९७९ साली कृषी महाविद्यालयात शिकताना अमेरिकन कपाशीवर देशीचा पराग लावला होता. संध्याकाळी कळीतले पुंकेसर नखाने खुडायचे, सकाळी पराग लावून कागदी पिशवी बांधायची. साठ फुलांमागे तीन दाणे मिळाले, उगवला एक. झाड माझ्या डोक्यापर्यंत गेले, फुलांनी भरून गेले. पण परागकोश सुरकुतलेले, बोटाला पूड लागेना आणि एकही बोंड धरले नाही, रोज सकाळी खाली गळलेल्या फुलांचा सडा. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजायला लावली, ३९ भरली. अमेरिकनकडून तिच्या ५२ पैकी निम्मी म्हणजे २६ येतात, देशीकडून १३. त्या २६ पैकी १३ देशीच्या गोतातली, त्यांच्याशी देशीची १३ जुळतात. उरलेली १३ एकटी पडतात, कुठेही विखुरतात, म्हणून पराग पोकळ. अशाच रोपाला कोल्चिसिन हे गुणसूत्रे दुप्पट करणारे रसायन देऊन गुणसूत्रे ७८ केली, की प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि झाड फळू शकते. लेखात यातले एक अक्षर नाही.

काल संध्याकाळी शेजारचे काका तुमचे कात्रण आणि सरकीची पिशवी घेऊन दारात उभे. ते अजून देशी कापूस लावतात, बियाणे घरचेच राखतात. बांधापलीकडच्या अमेरिकन कपाशीचा पराग येऊन आपली सरकी वांझ झाली असेल, तर फेकून देऊ का, असे विचारत होते. हाताने करूनही जो संकर मुश्किलीने जमतो, तो वाऱ्यावर किंवा माशीने शेतभर होत नाही, हे पटवायला मला तासभर लागला. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

आणि लेखासोबत कपाशीचे म्हणून छापलेले फूल अंबाडीचे आहे.

आपला,
एक निवृत्त कृषी शिक्षक, यवतमाळ जिल्हा