संजास, चाकणच्या जागेविषयी

येळ्ळूर, ता. बेळगाव

प्रिय संजा,

चाकणला मी येत नाही. हे आधीच सांगून टाकतो. माझ्यासाठी तू साहेबांपुढं शब्द टाकलास, भाड्याची खोलीसुद्धा बघून ठेवलीस. राग येणारच. चार शिव्या हासड, पण कारण ऐकून घेऊन.

पगाराचा आकडा ऐकून मीही हललो होतो. इथं उद्यमबागेत हातात पडतं त्याच्या जवळजवळ दुप्पट! आमच्या फौंड्रीत आता ऑर्डर असेल तेव्हाच दुसरी पाळी. रविवारी कामावर बोलावलं की बरं वाटायला लागलंय, यावरून काय ते ओळख. सुमन म्हणाली, "तुम्ही जावा, मी बघते इथलं." ती कर्नाटक सरकारच्या मराठी शाळेत. तिची बदली खानापूरला होईल, लांब अथणीला होईल, पण इथून तासाभरावरच्या चंदगडला कधीच व्हायची नाही. म्हणजे ती इथं, मी तिथं.

आप्पांना विचारलं. सोप्यात सुपात मसूर घेऊन खडे काढत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "निकाल लागू दे गा, मग बघू."

चेष्टा नव्हती ती. १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो तेव्हा ते शाळकरी पोरगं होते. १९६७ ला सीमावादावरचा महाजन अहवाल आला, त्या सुमारास कारकुनाची जागा चालून आली होती, ती "निकाल लागू दे" म्हणून सोडली. २००४ ला महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा घातल्यावर घराचा वरचा मजला राहिला, त्याच्या सळया अजून स्लॅबवर गंजताहेत. सीमाप्रश्नाबद्दल मला वेगळं सांगायला नको, १ नोव्हेंबरला काळी फीत मीही लावतो. पण आपल्याकडं किती घरांनी लग्नं, जागा, पोरांची शिक्षणं त्या एका तारखेला टांगून ठेवलीत, आणि कोर्टाला त्याची खबरही नाही. आप्पांचं ऐकता ऐकता लक्षात आलं की माझं चाकणही त्यातलंच. दोन वर्षं काढू, मग बघू. राज्य बदललं असतं, सवय तीच.

म्हणून नोकरी सोडतोय आणि इथंच पॅटर्नचं, म्हणजे ओतकामासाठी वाळूत साचा उठवायच्या नमुन्यांचं, दुकान टाकतोय. एका शेडचा कोपरा भाड्यानं मिळालाय. तू असेंब्लीतला माणूस, तुला यातली गंमत कळायची नाही. ड्रॉइंग तयार पार्टचं असतं; ओतीव लोखंड निवताना मीटरला साधारण १० मिलीमीटर आकसतं, ते माप पॅटर्नवाल्यानं आधीच वाढवायचं. वर मशीनिंगमध्ये कापलं जाईल तेवढं धरायचं, आणि पॅटर्न काढताना वाळूचा साचा ढासळू नये म्हणून बाजूंना उतार द्यायचा. आता सगळे कॉम्प्युटरवर मॉडेल काढतात, पण एक-दोन नगांच्या कामाला लाकूडच परवडतं. हुबळीच्या गिऱ्हाईकाशी कन्नडात बोलीन, कोल्हापूरवाल्याशी मराठीत. आप्पांना पहिलं पटलेलं नाही.

पैशाचं गणित काही सुंदर नाही. पीएफ निघेल, सुमनचा पगार आहे, पण पहिलं वर्ष ओढाताणीचं. एखाद्यानं कास्टिंग बिघडलं म्हणून पैसे अडकवले तर काय, या विचारानं झोप उडते. तरी येतच नाही.

पोरगी मात्र तिकडं येतेय. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी पोरांना महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगला अर्ज करता येतो. मार्क चांगले पडले तर कोल्हापूर. ते तिनं एका संध्याकाळी ठरवलं, कुणाला विचारलंसुद्धा नाही.

तुझ्या साहेबांना सोमवारीच सांग, जागा उगाच अडकून राहायला नको. आमच्याच फौंड्रीतला एक पोरगा आहे, आयटीआय फिटर, हात चांगला, अजून लग्न व्हायचंय, खोलीचं भाडं परवडेल त्याला. चालत असेल तर कळव, बायोडाटा पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू