टेलला पोचलं का?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझे सासरे वयाच्या ८१व्या वर्षी गेले. काल तेरवी झाली. आपल्या दैनिकात 'माजी सैनिक व निवृत्त अभियंता' अशी निधनवार्ता आली होती. ती अचूक आहे, तरी पेंचचे पाणी पिणाऱ्या नागपूरकरांना मामंजींविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते.

१९६६ मध्ये ते आपल्या व्हीआरसीईतून, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीतून, स्थापत्य अभियंता झाले आणि बॉम्बे सॅपर्स या सैन्याच्या अभियंता दलात गेले. डिसेंबर १९७१ च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात शकरगड भागात त्यांची तुकडी रणगाड्यांसाठी सुरुंग काढून वाट करत होती. सळई जमिनीत तिरपी घालायची, म्हणजे ती सुरुंगाच्या कडेला लागते, माथ्यावर दाब पडत नाही. साफ झालेल्या वाटेला पांढरी फीत लावत पुढे सरकायचे. एवढेच ते सांगत. सोबतचे कोण परतले नाहीत, हे त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारवले नाही. स्फोटाने डावा कान गेला होता, म्हणून घरात सगळे त्यांच्या उजव्या हाताला बसत. नातवंडांनी लढाईची गोष्ट मागितली की ते परमवीरचक्र मिळवणाऱ्या रामा राघोबा राणे यांची सांगत. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे जखमी असतानाही दूर करत गेलेले राणे बॉम्बे सॅपर्सचेच. ते सांगताना मामंजी ताठ बसत.

१९७३ मध्ये सैन्य सोडून ते पाटबंधारे खात्यात आले. नोकरीतली बरीच वर्षे पेंच प्रकल्पावर गेली. कालव्याच्या तोंडाशी ज्याचे वावर आहे त्याला पाणी मिळतेच, शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोचले तर ते पाणी सोडले असे म्हणायचे, हा त्यांचा हिशेब. कालव्याच्या त्या शेवटच्या टोकाला खात्यात 'टेल' म्हणतात. धान निसवायच्या दिवसांत ते रात्री मोटारसायकलवर टेलच्या बांध्या बघायला जात, असे सासूबाई सांगायच्या. खेकड्यांच्या बिळांतून भराव कसा पोखरतो, हे त्यांनी मलाही दाखवले होते. भरावातून झिरपणारे पाणी निवळ असेल तर लक्ष ठेवायचे, गढूळ दिसू लागले की समजायचे, माती आतून वाहून चालली. मग झोपायचे नाही.

मी २६ वर्षांपूर्वी या घरात आले. आमच्या माहेरी पुरुषांची पंगत आधी. इथेही मी पहिल्या दिवशी तशीच ताटे केली. मामंजी ताटावर बसले, पण घास घेईनात. स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "टेलला पोचलं का?" मला काही कळेना. सासूबाई हसल्या आणि आधी भांडीवाल्या मावशींचे ताट वाढले, मग माझे. त्यानंतर रोज तसेच. दिवाळीचे कपडे असोत की फीचे पैसे, घरात सगळे शेवटच्या माणसापासून सुरू व्हायचे. मी नोकरी करायचे ठरवले तेव्हा सकाळचा चहा आणि मुलीची शाळेची तयारी त्यांनी स्वतःकडे घेतली. कोणी त्यांना सांगितले नव्हते.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला, तेव्हा ते सत्तरीत होते. सहा वर्षे त्यांना भरवणे, कूस बदलणे, केस विंचरणे हे सारे त्यांनी केले. बाई ठेवू म्हटले तर नको म्हणायचे. त्या काळातल्या त्यांच्या वह्या माझ्याजवळ आहेत. डाव्या पानावर आपल्या दैनिकातून उतरवलेला तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या पेंचच्या धरणांचा जलसाठा, दशलक्ष घनमीटरमध्ये. उजव्या पानावर सासूबाईंची औषधे आणि त्या दिवशी त्या किती पाणी प्यायल्या ते, मिलिलिटरमध्ये. अक्षर दोन्हीकडे सारखेच रेखीव. सासूबाई गेल्यानंतर उजवी पाने कोरी आहेत. डावी मात्र गेल्या महिन्यापर्यंत भरलेली.

आता माझी मुलगी ती वही लिहिते. आपल्याकडे धरणांचा साठा उन्हाळ्यात रोज छापून येतो, इतर वेळी कधीतरीच. तो वर्षभर रोज द्यावा, ही विनंती. एका कोपऱ्यात दोन ओळी पुरतील.

आपली,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर