उड्या मारू द्या, पण वाळूवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी तक्रार केली होती. सुट्टीत चार दिवस समुद्रावर जावं तर तिथेही हल्लीची पोरं कट्ट्यांवरून आणि पायऱ्यांवरून माकडासारख्या उड्या मारतात, त्याला पार्कोर (वाटेतले अडथळे धावत, उड्या मारत, चढत पार करण्याचा खेळ) म्हटलं की सगळं माफ, तेव्हा किनाऱ्यांवर या प्रकाराला बंदीच घालावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांना त्रास देणारी पोरं कोण होती ते मला माहीत नाही. पण याच दिवाळीच्या सुट्टीत आमची नात जुई दिवेआगरच्या किनाऱ्यावर हेच करत होती आणि मी बाजूला उभा राहून बघत होतो. मी अग्निशमन दलातून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. उंचावरून धड खाली येण्याचाच मला पगार मिळायचा. त्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा माझा हक्क आहे, असं मी समजतो.

जुईने हे खूळ घेतलं तेव्हा मी त्याचं मूळ शोधायला बसलो, तर ते निघालं आमच्याच खात्यात. पॅरिसच्या अग्निशमन दलात रेमों बेल नावाचा एक जवान होता. जन्म व्हिएतनामचा, तिथे फ्रेंचांचं राज्य होतं तेव्हाचा. पोरकेपणात लष्करी शाळेत वाढला आणि तिथल्या अडथळ्यांच्या मैदानावर एकट्याने सराव करून तयार झाला. पुढे पॅरिसच्या दलात दोरावर चढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. १९६९ साली नोत्र दाम चर्चच्या सुळक्यावर कुणीतरी व्हिएतकाँगचा, म्हणजे व्हिएतनाममधल्या कम्युनिस्ट बंडखोरांचा झेंडा लावला. तो काढायला हेलिकॉप्टरमधून जे जवान गेले, त्यांतला हा एक. त्याच्या मुलाने, दाविद बेलने, बापाकडून हे सगळं घेतलं आणि पॅरिसजवळच्या लिस नावाच्या उपनगरात मित्रांना जमवून त्याचा पार्कोर केला. त्याच्याही मागे गेलं तर फ्रेंच नौदलातले अधिकारी झॉर्झ एबेर भेटतात. धावणं, उडी, चढणं, चार पायांवर चालणं, तोल सांभाळणं, वजन उचलणं, पोहणं हे सगळं एकत्र शिकवावं आणि माणसाने बळकट व्हावं ते कुणाच्या तरी उपयोगी पडण्यासाठी, अशी त्यांची शिकवण. आम्हाला ड्रिलला वेगळं काय शिकवत होते? २०१८ साली जागतिक जिम्नॅस्टिक्स महासंघाने या खेळाला आपल्यात घेतलं आणि २०२२ मध्ये टोकियोला पहिली जागतिक स्पर्धाही झाली. तेव्हा माकडचाळे हा शब्द मागे घ्यावा, एवढी पत्रलेखकांना विनंती.

आता किनाऱ्याकडे येतो.

भाऊबीज उरकून आम्ही निघालो. कोपरखैरण्याहून पेण, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन. ज्यांच्या वाडीत उतरलो होतो ते सुपारीवाले काका पहिल्याच संध्याकाळी जुईला म्हणाले, “उड्या मारायच्या आहेत ना? मग आधी भरती कधी ते सांग.” जुईने मोबाइल काढला. काका म्हणाले, “तो ठेव. तिथीची पाऊणपट कर. उद्या पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यात सहा तास मिळव. पावणेदहाला ओहोटी.” नववीतल्या मुलीला पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा म्हणून काही असतं हेच ठाऊक नव्हतं. पण हिशेब पटला आणि सराव ठरला सकाळी साडेसात ते साडेनऊ. पाणी मागे सरत असतं, वाळू नुकतीच उघडी पडलेली असते, आणि नोव्हेंबरातलं कोकणातलं ऊन अजून डोक्यावर आलेलं नसतं.

किनाऱ्यावरची सगळी वाळू सारखी नसते, हे तिथे पर्यटकाला जाणवत नाही. उडी मारणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत जाणवतं. पाण्यालगतची ओली वाळू जवळजवळ रस्त्याइतकी घट्ट. तिच्यावर धावता येतं आणि उडीला जोरही मिळतो. सुरूच्या बनाजवळची कोरडी वाळू पाय गिळते. तिथून उडी घ्यायला गेलात तर निम्मा जोर वाळूच खाऊन टाकते, आणि वरून येऊन तिच्यात उतरलात तर एक पाय जास्त रुततो, एक कमी, नि घोटा मुरगळतो. दोन्हींच्या मध्ये एक दमट पट्टा असतो. पाय बोटभर आत जातो, त्याहून जास्त नाही. उतरायला शिकायचं ते त्या पट्ट्यावर. कोरड्या वाळूवर रोल, म्हणजे खांद्यावरून कोलांटी घ्यावी, चार पायांवर चढ चढावा, दमसास वाढवावा. दुपारच्या जेवणाला मग वाढून घ्यावं लागत नाही, पोर आपणच ताट घेऊन उभी राहते.

आणि या दमट वाळूचा एक गुण आमच्या ड्रिलच्या मैदानालाही नव्हता. तिच्यावर पुरावा राहतो. उडीनंतर मी जुईला बाजूला करायचो आणि आम्ही दोघं रीतसर पंचनामा करायचो. टाचेचा ठसा खोल असेल तर ती टाचेवर उतरली, धक्का गुडघ्यांतून थेट कमरेत गेला. चवड्याचा ठसा आधी आणि टाच जेमतेम टेकलेली असेल तर ठीक. डावा ठसा उजव्याच्या पुढे असेल तर पाय बरोबर पडले नाहीत. रोलचं तर सगळंच दिसतं. एका खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत तिरकी पन्हळ उमटायला हवी. सरळ मधोमध उमटली की समजावं, वजन पाठीच्या कण्यावरून गेलं. वाळूवर त्याचं काही वाटत नाही, काँक्रीटवर मणका न् मणका ओरडून सांगतो. शिक्षक कितीही कडक असला तरी मुलं “मी नीटच उतरले होते” म्हणून वाद घालतात. इथे वादाला जागाच नाही. गावातली मुलं पहिल्या दिवशी लांबून बघत होती, दुसऱ्या दिवशी ठसे मोजायला आली आणि तिसऱ्या दिवशी उड्या मारायला. त्यातल्या एका अनवाणी मुलाचे ठसे जुईच्या ठशांपेक्षा स्वच्छ होते. जुईला ते फारसं रुचलं नाही.

या सगळ्यात उंची किती होती? शून्य. काठीने वाळूत दोन रेघा ओढायच्या, एकीवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी दुसरीवर बरोबर उतरायचं आणि उतरल्यावर हलायचं नाही. याला ते प्रिसिजन जंप म्हणतात. रेघ चुकली तर काही होत नाही. भिंतीची कड चुकली तर नडगी सोलते. म्हणून आधी रेघ. रील बघून शिकलेल्यांना हे कंटाळवाणं वाटतं आणि नेमका तोच घोटाळा आहे. रीलमध्ये उडी दिसते, तिच्या आधीचे महिने दिसत नाहीत. एका सोसायटीच्या गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारणाऱ्याचं मी काही ऐकून घेणार नाही. नोकरीत असताना खाली उभं राहून वर बघायची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली आहे, आणि त्यावर मला इथे लिहायचं नाही.

एक दिवस आम्ही श्रीवर्धनला गेलो. तिथे किनाऱ्यालगत बांधलेल्या पायऱ्या आणि कट्टा आहे, जुईचा जीव कधीचा तिकडे लागलेला. तिथे तिने आधी काय केलं, तर बुटांचे तळवे हाताने झाडले आणि कट्ट्याची कड फडक्याने पुसली. कोरड्या वाळूचे कण गुळगुळीत सिमेंटवर पडले की पायाखाली गोट्या पसरल्यासारखं होतं. किनाऱ्यावरच्या कट्ट्यांवरून घसरणारे बहुतेक लोक वाळूनेच घसरतात, त्यात आइस्क्रीम खात चालणारेही आले. नंतर तिने रेलिंग दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. ही सवय मात्र माझी. खाऱ्या हवेत लोखंड आतून कुजतं, वरचा रंग शाबूत असतो. काँक्रीटचंही तेच, आतली सळई गंजून फुगते आणि पोपडा सुटतो. ज्याला हात लावून, दाबून, हलवून पाहिलं नाही त्याच्यावर वजन टाकायचं नाही, हा आमच्या खात्याचा पहिला धडा होता.

कोकणात जाणाऱ्या शहरी पोरांना दोन गोष्टींची कल्पना नसते. एक म्हणजे गडगा. वाड्यांभोवती जांभ्या दगडांची जी बुटकी भिंत असते ती कंबरभर उंचीची, रुंद, व्हॉल्ट मारायला, म्हणजे हात टेकवून वरून उडी घ्यायला, अगदी मापाची दिसते. पण तो गडगा नुसता रचलेला असतो, दगडांत चुना-सिमेंट काही नसतं. हात टेकवला की वरचा दगड हातासकट सुटतो, आणि ज्याची वाडी त्याचं नुकसान होतं ते वेगळंच. दुसरी म्हणजे खडक. शेखाडीच्या बाजूला रस्त्याकडेने समुद्र लागतो, खडक पुढे आलेले, फोटो फार छान येतात. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर शेवाळ असतं आणि कालवांच्या कवचांची धार ब्लेडसारखी. वरचा काळा कोरडा खडक वेगळा, खालचा ओला हिरवा खडक वेगळा. जुई म्हणाली, “आबा, इथे नको.” मला काही बोलावं लागलं नाही.

तक्रार करणाऱ्या गृहस्थांचं एका बाबतीत बरोबर आहे. किनारा सगळ्यांचा आहे. कोळ्यांच्या ओढून ठेवलेल्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी हे खेळाचं सामान नाही. किल्ल्यांचे तट तर नाहीच नाही, तिथे उडी मारणाऱ्याला मीच धरून देईन. दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास या पट्ट्यात थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत. कुंपण घातलेल्या जागेच्या आसपासही नाचू नये आणि रात्री तर वाळूवर उड्या-बिड्या काही नकोत. एवढं पाळलं की उरलेला किनारा पुरेसा लांबरुंद आहे. आणि खरं सांगू? त्याच किनाऱ्यावर चारचाकी मोटरबाइका भोंगे वाजवत माणसांच्या अंगावरून गेल्यासारख्या जात होत्या. त्यांच्याबद्दल त्या पत्रात चकार शब्द नव्हता. पैसे देऊन केलेला गोंगाट चालतो, फुकटची उडी चालत नाही, असा काही नियम आहे का?

आता मुद्द्याचं. सुट्टी संपली, आम्ही परत आलो आणि जुईला आमच्या नोडमधल्या एका उद्यानातून दुसऱ्याच दिवशी बाहेर काढलं. सुरक्षारक्षकाचा दोष नाही, त्याला पाटीवर लिहिलेलं पाळायचं असतं. पण नवी मुंबईच्या मुलीने वाळू कुठे शोधायची? पाम बीच रस्त्याला नावात बीच आहे, वाशीच्या मिनी सीशोअरला नावात समुद्र आहे, पण पायाखाली दोन्हीकडे वाळूचा कण नाही. आपल्याला आहे ती खाडी. भरतीला पाणी, ओहोटीला कमरेएवढा चिखल आणि पलीकडे कांदळवन. तिथे उडी मारलीत तर बाहेर काढायला आमच्या खात्यालाच यावं लागतं. कांदळवन आणि फ्लेमिंगो आहेत तसे राहावेत, तिथे काही करा असं मी म्हणणार नाही. मग उरतात उद्यानं, आणि उद्यानांत पेव्हर ब्लॉक.

आमच्या पिढीला पडायला जागा होती. तालमीच्या हौद्यात तांबडी माती असायची. ती खणून, चाळून, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ ठेवायची. कुस्तीचा पहिला महिना पोरगं फक्त पडायला शिकायचं आणि त्याला कुणी हसायचं नाही. आता तालमी कमी झाल्या, माती गेली, मात्र मुलांच्या अंगातली रग काही कमी झालेली नाही. ती जिन्याच्या कठड्यावर आणि पार्किंगच्या रॅम्पवर बाहेर पडते, मग सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतात.

म्हणून उद्यानं आणि मैदानं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना एक सुचवतो. स्वतंत्र संकुल, उद्घाटन, कोनशिला यांपैकी काही नको. पुष्कळ शाळांच्या मैदानांवर लांब उडीचा वाळूचा खड्डा असतो. वर्षातून एकदा क्रीडादिनाला त्याची आठवण येते, एरवी त्यात मांजरं बसतात. शाळा सुटल्यावर संध्याकाळी दोन तास तो उघडा ठेवावा. वाळू चाळून घ्यावी, काचा-खिळे काढावेत, अधूनमधून पाणी मारून ती दमट ठेवावी आणि रात्री वरून ताडपत्री टाकावी. ज्या उद्यानात जागा असेल तिथे एका कोपऱ्यात असाच खड्डा करून त्याच्या काठाला गुडघाभर आणि कंबरभर उंचीच्या दोन भिंती बांधाव्यात, कडा गोल केलेल्या. त्याहून उंच नकोच. मोठी उडी शिकवायला प्रशिक्षक लागेल, तो क्रीडा विभागाने पुढे कधी नेमावा. खाली उतरायला शिकवणाऱ्याला मात्र डोळे असले तरी पुरे, बाकीचं वाळू सांगते.

आमच्या भागात असा खड्डा झालाच, तर संध्याकाळी तिथे बसायला मी विनामोबदला तयार आहे. खुर्ची घरून आणीन. शिट्टी तेवढी द्यावी, माझी निवृत्तीच्या वेळी खात्यात जमा झाली.

आपला वाचक,
एक निवृत्त लीडिंग फायरमन
कोपरखैरणे, नवी मुंबई