अमळनेरच्या रेडिओवाल्या नानांना

नाना,
साष्टांग नमस्कार.

नाव लिहू नको, असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून लिहीत नाही. गावात 'रेडिओवाले नाना' म्हटलं की कुणीही तुमच्या दुकानाकडे बोट दाखवतं, तेव्हा पत्र पोचायला नावाची गरजही नाही. आमच्या घरच्या जुन्या कॅसेटी तुम्ही वाचवल्यात आणि पैसे फक्त बेल्टचे आणि नव्या खोक्यांचे घेतलेत. बाकीचं ऋण मनात ठेवून गप्प बसवत नाही. आणि हे चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही काय केलंत ते खान्देशातल्या आणखी काही घरांना कळायला हवं.

तुमच्याकडे येण्याआधी मी नाशिकला एका दुकानात त्या कॅसेटी दाखवल्या होत्या. "फेकून द्या ताई, सगळी गाणी मोबाइलवर आहेत," असं तिथल्या माणसानं हसत सांगितलं. माझ्या वडिलांची, अप्पांची, आवडती गाणी मोबाइलवर आहेत हे खरंच आहे. पण ती आमच्या घरात कशी वाजत, ते मोबाइलवर नाही. हे तुम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. तुम्ही पिशवीतली पहिली कॅसेट उचललीत, प्लेअरमध्ये न घालता आधी तिच्या पाठच्या कडेचे दोन्ही बारीक तुकडे स्क्रूड्रायव्हरनं तोडलेत आणि म्हणालात, "आते हिच्यावर कोणाले काही भरता येवाव नही. बाकीनं मंग दखू." त्या क्षणी मी निर्धास्त झाले.

अप्पा गिरणीत होते, तीन पाळ्यांची नोकरी. आमच्या घरातलं संगीत त्या पाळ्यांनी ठरवलेलं. रात्रपाळी करून सकाळी सातनंतर ते घरी येत, हातपाय धुवून चहाचा कप घेऊन रेडिओसमोर बसत. साडेसातला रेडिओ सिलोनवर जुन्या चित्रपटांतली गाणी लागत आणि आठच्या ठोक्याआधी शेवटचं गाणं ठरलेलं, कुंदनलाल सैगल यांचं. सैगल गेले १९४७ च्या जानेवारीत, तेव्हा अप्पा पाळण्यात होते. तरी ते गाणं झाल्याशिवाय ते झोपायला गेले नाहीत. शॉर्टवेव्हचा तो आवाज लाटेसारखा यायचा, जवळ येता येता लांब जायचा, आणि नेमकी आवडती ओळ आली की बुडायचा. मग अप्पा ती ओळ स्वतः म्हणून पुरी करत. सैगल यांचं अर्धं गाणं मी अप्पांच्याच आवाजात शिकले आहे. आजही मूळ गाणं स्वच्छ ऐकलं की मला त्या जागी अप्पांची ओळ हवीशी वाटते.

बुधवारी रात्री आठला सिलोनवरच बिनाका गीतमाला, लोकप्रिय हिंदी सिनेगाण्यांची क्रमवारी. १९५२ साली अमीन सयानी यांनी सुरू केलेला तो कार्यक्रम आम्ही १९८० च्या दशकात ऐकत होतो, म्हणजे अप्पांचं बालपण आणि माझं बालपण एकाच आवाजावर गेलं. अप्पा त्याचा इतिहास सांगत तेव्हा त्यांचे डोळे चमकायचे. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीनं सिनेमाच्या गाण्यांना जवळपास दार बंद केलं, लोक सिलोनकडे वळले, आणि शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. "लोकांच्या आवडीपुढे कुणाचं काही चाललं नाही," हे ते गिरणीतल्या संपाची गोष्ट सांगावी तसं सांगायचे. त्यांची दुसरी पाळी असली की वही माझ्याकडे. कुठलं गाणं कुठल्या पायदानावर, म्हणजे कितव्या क्रमांकावर, ते मी पेन्सिलीनं लिहून ठेवायची. रात्री साडेअकराला आल्यावर ते जेवणाआधी वही वाचत.

आईचं संगीत निराळं. ती रेडिओला कधी नावं ठेवायची नाही, पण तिचं गाणं रेडिओत नव्हतंच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की लिंबाच्या झोक्यावर ती जे म्हणायची, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसली की रात्रभर बायका जे म्हणायच्या, ते तिचं. सोमवारी सकाळी कानबाईला नदीवर नेतानाही तिचा आवाज बसलेला नसे. या गाण्यांत जागा मोकळी ठेवलेली असते. जी म्हणते ती आपल्या भावांची नावं, आपल्या गावाचं नाव त्यात घालते. म्हणून आखाजीचं तेच गाणं पारोळ्याच्या बाईचं वेगळं, धरणगावच्या बाईचं वेगळं. आईचं गाणं बाजारात कधी मिळणार नव्हतं. हे अप्पांना कळत होतं. मामांनी मुंबईहून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, आणून दिला तेव्हा अप्पांनी पहिल्या कोऱ्या कॅसेटवर सैगल भरले नाहीत, आईला बसवलं. मला वडील म्हणून त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान कशाचा वाटत असेल, तर याचा.

आता तुमच्या कामाकडे येते.

आमच्या कॅसेटी वाचल्या त्या धाब्याच्या जुन्या घरामुळे, हे तुम्हीच सांगितलंत. जाड मातीच्या भिंतीतला कोनाडा मे महिन्यातही थंड राहायचा. पुढे पत्र्याच्या खोलीत हलवल्या त्या कॅसेटींची खोकी वाकली होती. पट्टीमागच्या फेल्टच्या गादीचा डिंक सुटला होता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची पट्टी साठवालीपेक्षा पातळ असते, ती तर एका जागी गुंडाळून चुरगळली होती. तुम्ही पट्टी जुन्या खोक्यातून काढून नव्या खोक्यात बसवलीत, तुटलेल्या जागी साधी चिकटपट्टी न लावता जोडायची खास टेप लावलीत. साध्या टेपचा डिंक उन्हाळ्यात पाघळतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो, म्हणालात. कापसावर स्पिरिट घेऊन पट्टीवरचा आवाज उचलणारं हेड पुसलंत, मग हेडाशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवून आवाजाला धार आणलीत. मी स्टुलावर बसून बघत होते. प्रत्येक कॅसेटसाठी तो स्क्रू नव्यानं फिरवत होतात, कारण ज्या यंत्रावर ती भरली त्याचं हेड किती कललं होतं ते आता पट्टीलाच माहीत.

आईची कॅसेट लागली आणि आतून एखादी शाळकरी पोर गात असावी तसा बारीक आवाज आला. माझं तोंड पडलं. तुम्ही म्हणालात, "आवाज मझार शे, घाबरू नको." म्हणजे आवाज आतच आहे. अप्पांच्या टू-इन-वनचा बेल्ट सैल असणार, यंत्र भरताना सावकाश फिरलं, म्हणून आता बरोबर वेगानं वाजवलं की आवाज चढतो. पण किती सावकाश? आई तेव्हा कुठल्या सुरात गात होती ते कोण सांगणार? कॅसेट मागे नेऊन तुम्ही तासभर ऐकत राहिलात आणि मग तुमचा चेहरा उजळला. आईच्या गाण्याआधी अप्पांनी चाचणीसाठी पहाटेचा रेडिओ भरला होता, आणि त्यात आकाशवाणीची सुरुवातीची धून होती. १९३० च्या दशकात युरोपातून मुंबईला आलेल्या वॉल्टर कौफमन यांनी बांधलेली ती धून इतकी वर्षं तीच आहे, तिचा सूर तोच आहे. भाच्याच्या लॅपटॉपवर तुम्ही ती धून तिच्या सुरावर आणलीत, आणि तेवढाच वेग पुढच्या सगळ्या भागाला दिलात. मग आई गायला लागली, तिच्या स्वतःच्या, थोड्या जाड, घशात किंचित खरखर असलेल्या आवाजात. नाना, ही युक्ती तुम्हाला कुठल्या पुस्तकात मिळाली नसणार. आयुष्यभर कान लावून बसलेल्या माणसालाच ती सुचते.

आणि ज्यासाठी सगळ्यात जास्त आभार मानायचे ते हे. भाचा म्हणाला, मागचे सगळे आवाज एका झटक्यात साफ करता येतील. तुम्ही त्याचा हात धरलात आणि माझ्याकडे बघून त्याला म्हणालात, "इले इचार, काय काढाव आन् काय ऱ्हाऊ द्याव." आम्ही मग एकेक आवाज ऐकत बसलो. पट्टीची शिट्टी काढली. स्टोव्हचा आवाज ठेवला. गिरणीचा भोंगा ठेवला, आणि बरं झालं ठेवला. कारण आई एका कडव्यात मध्येच थांबते, ती का थांबली ते भोंग्यामुळेच कळतं. अप्पांच्या पाळीची वेळ झाली होती. त्यानंतर आई "डबा" एवढंच म्हणते आणि भांड्याचा आवाज येतो. भोंगा पुसला असता तर आई गाणं विसरली, असं माझ्या मुलांना वाटलं असतं.

त्याच्याही आधी अप्पांचा आवाज आहे. मला तो आठवतही नव्हता. अमीन सयानींची नक्कल करत, पण आपल्या अहिराणीत, ते म्हणतात, "भाऊसहोन आनि बहिनीसहोन," आणि आईचं नाव घेऊन तिला पहिल्या पायदानावर बसवतात. मागे आई हसते. त्या हसण्यावर थोडी खरखर आहे, तीही तुम्ही तशीच ठेवलीत, कारण ती काढताना हसण्याची टोकं झिजत होती. अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या मुलांनी आजोबांना फक्त फोटोत पाहिलेलं. त्यांनी ते वाक्य इतक्या वेळा लावलं की धाकटी आता तसंच म्हणते.

आईला ऐकवलं ते तुम्हाला सांगायचं राहिलं. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. स्वतःच्या गाण्याकडे तिचं फारसं लक्षच नव्हतं, अप्पांचं वाक्य आलं तेव्हा मात्र तिनं "परत लाव" म्हटलं. मग आखाजीचं गाणं ऐकताना एकदम सावरून बसली. "धाकल्याचं नाव राहिलं हितं," म्हणाली. धाकटे मामा त्या कडव्यात आलेच नव्हते, भोंगा झाला आणि कडवं तिथंच तुटलं. तिनं ते कडवं तिथल्या तिथं पुरं केलं. दम लागला, ओळीच्या मध्ये श्वास घ्यावा लागला, पण चाल जराही हलली नाही. मी ते मोबाइलवर भरून घेतलं आहे.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी माळ्यावर, पेटीत अशा कॅसेटी असतील तर नानांच्या तोंडचं सांगते. घरातल्या जुन्या प्लेअरमध्ये लावून बघायची घाई करू नका, त्याचा वितळलेला बेल्ट आणि कडक झालेला रबरी रोलर पट्टी खातो. आधी पाठचे तुकडे तोडा. पत्र्याखाली ठेवू नका, स्पीकरजवळ ठेवू नका, उभ्या ठेवा. आणि वर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. आमच्या ज्या कॅसेटवर अप्पांनी 'भजनं' लिहिलं होतं, तिच्या मागच्या बाजूला कानबाईची अख्खी रात्र निघाली. आजी, मावशा, गल्लीतल्या बायका, सगळ्यांचे आवाज त्यात आहेत. त्यांतल्या कितीतरी जणी आज नाहीत आणि त्यांच्या मुलांना हे ठाऊकही नाही. तुमच्या सांगण्यावरून मी त्या घरांना प्रती देते आहे, दोन घरी पोचल्या.

नाना, आता एक विनंती. आईनं परवा पुरं केलेलं कडवं जुन्या गाण्याला जोडायचं नाही, असं आम्ही बहीणभावांनी ठरवलं आहे. ते त्याच्या पुढे, वेगळं राहू द्यायचं. ती शेवटची प्रत तुमच्याच हातून व्हावी. आखाजीला मी माहेरी येते आहे, मोबाइल आणि उरलेली एक कॅसेट घेऊन दुकानात येईन. तिचं खोकं फुटलेलं आहे, तेव्हा एक रिकामं खोकं बाजूला काढून ठेवा. आणि या वेळी जेवायला घरीच या. कळण्याची भाकरी आणि भरीत करते, असं आईनं सांगितलंय.

तुमची,
गिरणीवाल्या अप्पांची थोरली